नाथांची हिशेबी दृष्टी

आज नाथषष्ठी. पैठणला लोटणाऱ्या भाविकांना नाथांचे चमत्कार मुखोद्गत असतात. आम्हांला मात्र त्यांची हिशेबाची वही अधिक भावते. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना एका पैच्या चुकीपायी त्यांनी रात्र जागून काढली, अशी आख्यायिका आहे. हीच चिकाटी पुढे ज्ञानेश्वरीच्या कामी आली. शके १२१२ मधला हा ग्रंथ नकला होता होता अपपाठांनी भरला होता. नाथांनी पोथ्या ताडून ओवी ओवी पारखली आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. एवढा समर्थ कवी, पण ज्ञानदेवांच्या ओव्यांत आपली ओवी मिसळली नाही! हा संयम आम्हांला श्रमांहूनही कठीण वाटतो. त्यांचे स्वतःचे ‘भावार्थ रामायण’ मात्र युद्धकांडातच थांबले. ते पुढे गावबांनी पुरे केले.