डॉ. होमी भाभा

डॉ. होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईस एका पारशी कुटुंबात झाला. मुलाने यंत्रशास्त्र शिकून जमशेदपूरच्या पोलाद-कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमी केंब्रिजला गेले. पण त्यांचे मन पदार्थविज्ञानाकडे ओढ घेई. आधी यंत्रशास्त्रात पहिला वर्ग मिळवावा, मग आवडीचा विषय शिकावा, अशी अट वडिलांनी घातली. १९३० साली होमींनी ती पुरी केली आणि मगच ते अणूच्या अभ्यासाकडे वळले.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले. इतक्यात महायुद्ध पेटले व ते येथेच राहिले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये मुंबईतील ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९६४ मध्ये तेथेच लेसरही तयार झाला. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान-अपघातात त्यांचा अंत झाला.

अणुभट्टीलाही वार्धक्य येते. ‘अप्सरा’ २००९ मध्ये बंद झाली. जुन्या भट्ट्या मोडताना किरणोत्सर्गामुळे माणसाला जवळ फार वेळ थांबता येत नाही. अशा वेळी, शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यांत पत्रे कापणारा लेसरच कामी येतो. काचतंतूतून दुरून आणलेला प्रखर प्रकाश जाड पोलाद वितळवितो व वायूचा झोत तो रस उडवून देतो. इंदूरच्या शास्त्रज्ञांनीही भट्टीतील भाग कापणारी लेसर-उपकरणे बनविली आहेत.

वडिलांचा शब्द पाळूनही होमींनी आपला ध्यास सोडला नाही. त्यांनी देशात रुजविलेली विद्या आज पोलादाच्याही कामी येत आहे.