हसमुखभाईंचे घर आणि हट्ट्याचे माळवद

आमचे हट्ट्याचे घर माळवदाचे. पावसाळा तोंडावर आला की वर पांढरी माती टाकायची, तरी एखाद्या कोपऱ्यात पातेले ठेवावेच लागे. वडील शाळामास्तर. निवृत्त झालो, फंड हाती आला की पक्के घर बांधू, हे त्यांचे पालुपद ऐकतच आम्ही भावंडे मोठी झालो. फंड आला आणि बहिणीच्या लग्नात गेला. माळवद राहिले.

पुढे नोकरीनिमित्त मी मुंबईला आलो आणि पस्तिशीच्या आत डोंबिवलीत दोन खोल्यांचा मालक झालो. वडिलांना साठीपर्यंत जे जमले नाही ते मला कसे जमले? त्यात माझे कर्तृत्व थोडे, आणि हसमुखभाई पारेख यांचे बरेच.

हसमुखभाई सुरतेचे. जन्म 10 मार्च 1911 चा. बालपण मुंबईच्या चाळीत गेले, त्यामुळे जागेची ओढाताण त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. लहानसहान कामे करीत शिक्षण पुरे केले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून अर्थशास्त्र शिकून 1936 मध्ये परतले. सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवले आणि सुमारे वीस वर्षे शेअर दलालांच्या पेढीत काढली. 1956 मध्ये ते आयसीआयसीआयमध्ये गेले आणि पुढे तिचे अध्यक्ष झाले. मोठ्या कारखान्यांना कर्जे देण्यात त्यांची उमेद गेली.

अशा माणसाने निवृत्तीनंतर आरामखुर्ची धरली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी 1977 मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन काढली. सरकारी पैसा नाही, भांडवल दहा कोटींचे. आज हे सोपे वाटते. पण तेव्हा कर्जदाराने हप्ते थकवले तर सावकार संस्थेला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे, आणि तिथला निकाल कधीकधी पुढची पिढी ऐके. भाडेकरूला घराबाहेर काढणे तर त्याहून अवघड. कोर्टाबाहेर तारण ताब्यात घेण्याचा सरफेसी कायदा आला 2002 मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षे ही संस्था मुख्यतः माणसाच्या शब्दावर आणि पगाराच्या चिठ्ठीवर चालली. नोकरदार माणूस पोटाला चिमटा घेईल, पण घराचा हप्ता चुकवणार नाही, हा हसमुखभाईंचा हिशेब होता आणि तो बरोबर निघाला. 1978 मध्ये त्यांचे पुतणे दीपक पारेख संस्थेत आले आणि त्यांनी ती वाढवली. सरकारने नॅशनल हाउसिंग बँक काढली ती 1988 मध्ये, म्हणजे वाट मळल्यावर. 1992 मध्ये हसमुखभाईंना पद्मभूषण मिळाले. 18 नोव्हेंबर 1994 रोजी ते गेले. त्यांची संस्थाही 1 जुलै 2023 रोजी स्वतःच काढलेल्या बँकेत विलीन झाली.

त्यांच्याविषयी मला कृतज्ञता आहे, पण एक रुखरुखही आहे. पगाराची चिठ्ठी आणि निर्वेध कागद या दोन चाव्यांनी त्यांनी दार उघडले खरे. ज्याच्याकडे त्या नाहीत तो मात्र उंबऱ्याबाहेरच राहिला. धाकटा भाऊ हट्ट्यालाच शेती करतो. स्लॅबचे घर बांधायला त्याने कर्ज मागितले, तेव्हा एका बँकेने त्याचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ परत केला. तो उतारा घरपट्टीच्या आकारणीचा. त्याने मालकी सिद्ध होत नाही. गावठाणातली घरे वाडवडिलांपासून तोंडी वाटणीने आलेली, खरेदीखत कुठून आणणार? शेत गहाण ठेवावे, तर सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली. ती वगळणे योग्यच आहे, नाहीतर एका दुष्काळात रानेच्या राने गेली असती. पण म्हणून गृहकर्ज देणारा तिच्याकडे पाहत नाही.

एप्रिल 2020 मध्ये केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाण मोजून घरमालकाला मिळकत पत्रिका द्यायची, अशी ती योजना. पत्रिका मिळाली की एक चावी हाती आली, असे मी भावाला समजावले.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. कोणते कागद लागतात त्याची यादी तो मला वाचून दाखवत होता. पगाराच्या चिठ्ठीपाशी अडखळला. वसमतच्या बाजारातल्या हळदीच्या पट्ट्या चालतील का, म्हणाला. किती वर्षांच्या आहेत, मी विचारले. अण्णांच्या ट्रंकेत सगळ्या आहेत म्हणे.

एकही फेकू नकोस, एवढेच मी सांगितले.