अजातशत्रू : गद्दारीने मिळवलेले सिंहासन

गद्दार म्हटले की आपल्याला शत्रूला फितूर झालेला माणूस आठवतो. पण इतिहासातल्या मोठ्या गद्दाऱ्या घरातूनच झाल्या आहेत. मगधचा राजा अजातशत्रू हे त्याचे ठळक उदाहरण. पाली ग्रंथांत आलेली त्याची कथा चळवळीतल्या प्रत्येक तरुणाने जाणून घेतली पाहिजे.

अजातशत्रू हा राजगृहाच्या बिंबिसार राजाचा मुलगा. बिंबिसार हा तथागतांचा उपासक. संघाला वेळुवन दान देणारा राजा तो हाच. त्याच काळात देवदत्ताला संघाचे नेतृत्व हवे होते. ते मिळेना, म्हणून त्याने तरुण राजपुत्राला हाताशी धरले. त्याने बापाला मारून राजा व्हावे आणि आपण बुद्धांना मारून संघप्रमुख व्हावे, असा त्याचा बेत होता. खंजीर घेऊन निघालेला अजातशत्रू पकडला गेला. बिंबिसाराने त्याला शिक्षा तर दिली नाहीच, उलट राज्यच त्याच्या हवाली केले.

एवढे मिळूनही त्याचे समाधान झाले नाही. अट्ठकथा सांगतात की त्याने बापाला कैदेत टाकून उपाशी ठेवले. राणी लपवून अन्न नेत असे, तेही बंद केले. ज्या दिवशी बिंबिसाराने प्राण सोडला, त्याच दिवशी अजातशत्रूला मुलगा झाला. मुलाचे तोंड पाहिल्यावर बापाची माया काय असते ते त्याला कळले. त्याने सुटकेचा हुकूम दिला, पण तोवर उशीर झाला होता.

सिंहासन मिळाले, पण झोप गेली. एका पौर्णिमेच्या रात्री वैद्य जीवक त्याला आपल्या आम्रवनात तथागतांकडे घेऊन गेला. तिथे साडेबाराशे भिक्खू असूनही खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. त्या शांततेने राजा घाबरला. जीवक आपल्याला शत्रूच्या हाती देतोय की काय, अशी शंका त्याला आली. ज्याने स्वतः बापाचा विश्वासघात केला, त्याला जगात कुणावरच विश्वास ठेवता येत नव्हता. ही त्याची पहिली शिक्षा. त्या रात्री त्याने बुद्धांसमोर आपला अपराध कबूल केला. तथागतांनी ती कबुली स्वीकारली. पण पितृहत्या आड आली नसती तर याच आसनावर त्याला धम्मदृष्टी लाभली असती, असे त्यांनी तो गेल्यावर भिक्खूंना सांगितले.

पुढे त्याने वज्जींचे गणराज्य जिंकायचे ठरवले. वज्जी एकत्र जमतात, एकोप्याने निर्णय घेतात, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे बुद्धांनी सांगितले होते. त्यावरून अजातशत्रूचा मंत्री वस्सकार याने नेमका उलटा धडा घेतला. राजाने हाकलून दिल्याचे सोंग करून तो वैशालीत शिरला आणि तीन वर्षे एकाच्या कानात दुसऱ्याविषयी विष ओतत राहिला. शेवटी नगराचा नगारा वाजला तेव्हा कुणीच धावून आले नाही. वैशाली आधी आतून फुटली, मगधचे सैन्य नंतर आले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर याच अजातशत्रूने अस्थींवर राजगृहात स्तूप उभारला आणि 500 भिक्खूंच्या पहिल्या संगीतीला आश्रय दिला. माणूस बदलू शकतो हे धम्म मानतो. पण केलेल्या कर्माचे फळ टळत नाही.

ज्या मुलाच्या जन्माने त्याला बापाचे प्रेम शिकवले, त्याच उदयभद्राने त्याला ठार मारले. महावंसानुसार उदयभद्राला त्याच्या मुलाने, आणि त्यालाही त्याच्या मुलाने मारले. ही साखळी नागदासकापर्यंत आली. अखेर पितृघातक्यांच्या या घराण्याला विटलेल्या लोकांनीच त्याला हटवून अमात्य शिशुनागाला गादीवर बसवले.

मित्रांनो, आपल्या गटागटांत विभागलेल्या चळवळीकडे एकदा या कथेतून पाहूया. पदासाठी माणूस फोडणारा देवदत्त आणि कानाशी लागणारा वस्सकार आजही भेटतो. त्याला ओळखणे जरुरीचे आहेच, पण आपण स्वतः तसे होत नाही ना, हे तपासणे त्याहून जरुरीचे. फोडून मिळवलेले पद फोडूनच जाते. वैशालीचा नगारा पुन्हा वाजेल तेव्हा आपण धावून जाणार की घरात बसणार, हे आजच ठरवावे लागेल.