डॉ. आंबेडकर आणि महाडचे पाणी

डॉ. भीमराव आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. आपल्या बेटावरील पुष्कळ घराण्यांचे पूर्वजही त्याच कोकणातून आले. साताऱ्याच्या शाळेत शिपाई नसला की भीमाला तहानलेले राहावे लागे. पुढे न्यूयॉर्क व लंडन येथे त्यांनी उच्च शिक्षण घेतले.

आम्हांला येथे सांगावयाची आहे ती महाडची हकीकत. तेथील चवदार तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते. १९२४ साली पालिकेने ते अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. पण गावातील सवर्णांना दुखवायला कोण धजणार? ठराव दप्तरातच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या दिवशी त्यांच्या लोकांवर लाठ्या चालल्या. ४ ऑगस्टला पालिकेने आपलाच ठराव मागे घेतला! वजनदार मंडळींपुढे सभासद वाकतात, याचे आम्हांला नवल वाटत नाही. काही रहिवाशांनी तळे खाजगी असल्याचा दावाही लावला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला, तोवर दहा वर्षे लोटली होती.

राज्यघटनेचे शिल्पकार ते पुढे झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत ते निवर्तले.