बंद दाराशी भांडलेली फ्रान्सिस

कॉलेजात फायर ड्रिलचा अलार्म वाजला की आपलं काय होतं? अर्धा वर्ग एकमेकांकडे बघतो, कुणीतरी टेस्टिंग चाललंय म्हणतं आणि उरलेले कॅन्टीनचा रस्ता धरतात. पण ही ड्रिल, बाहेरच्या बाजूला उघडणारं दार आणि मोकळा जिना कायद्याने सक्तीचा व्हावा म्हणून एका बाईने वर्षानुवर्षं डोकेफोड केली. तिचं नाव फ्रान्सिस पर्किन्स.

फ्रान्सिस 10 एप्रिल 1880 ला अमेरिकेत बोस्टनला जन्मली. माउंट होलिओक या मुलींच्या कॉलेजात तिचा मुख्य विषय होता फिजिक्स. तिथे इतिहासाच्या बाईंनी वर्गाला पुस्तक बाजूला ठेवून जवळच्या गिरण्या बघून यायला लावलं. कामगार बायका-मुलं कशा हालतीत राबतात हे तिने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. 1902 मध्ये पदवी घेतली, काही वर्षं शिकवलं, शिकागोच्या गरीब वस्तीत काम केलं. 1910 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून एमए झाली. कारखान्यांतली आगीची तयारी तपासणं हेही तिच्या कामात आलं.

मग आला 25 मार्च 1911, शनिवार. फ्रान्सिस वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ एका ओळखीच्या बाईंकडे चहाला गेली होती. बाहेर गलका झाला म्हणून ती धावत गेली. समोरच्या दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले पेटले होते. तिथे ट्रँगल नावाचा बायकांचे ब्लाउज शिवायचा कारखाना होता. आग लागली आठव्या मजल्यावर, कापडाच्या चिंध्यांच्या पेटीत. आठव्या मजल्यावरून दहाव्याला फोन गेला, तिथली बहुतेक माणसं सुटली. नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. ऐकू येईल असा अलार्म नव्हता. जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. बाहेरची लोखंडी शिडी माणसांच्या भाराने कोसळली. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. मुली खिडक्यांतून उड्या मारत होत्या आणि फ्रान्सिस खाली उभी राहून ते बघत होती. 146 जीव गेले, त्यातल्या 123 बायका आणि मुली.

याच आगीत एक गोष्ट विद्यार्थ्यांचीही आहे. शेजारच्या उंच इमारतीत न्यूयॉर्क विद्यापीठाचा कायद्याचा वर्ग चालू होता. प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी पेटलेल्या इमारतीच्या गच्चीवर शिड्या लावून कित्येकांना वर ओढून घेतलं.

पुढे खटला चालला. दाराला कुलूप आहे हे मालकांना माहीत होतं, हे सिद्ध झालं नाही आणि ते सुटले. फ्रान्सिस मात्र थांबली नाही. कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला, तेव्हा तिने आमदारांना कागद दाखवण्यापेक्षा जागेवर नेलं. रॉबर्ट वॅग्नर या आमदाराला तर तिने आग लागल्यावर पळायची वाट म्हणून दाखवल्या जाणाऱ्या भोकातून सरपटत बाहेर काढलं. पुढे होती बर्फाने माखलेली शिडी, आणि तीही जमिनीच्या बारा फूट वरच संपत होती! काही वर्षांत न्यूयॉर्क राज्याने 30 हून जास्त कायदे केले. फायर ड्रिल, पाण्याचे फवारे, कुलूप नसलेली दारं सक्तीची झाली.

घरातही सोपं नव्हतं. 1913 मध्ये लग्न झालं तेव्हा तिने स्वतःचं आडनाव बदललं नाही. नवऱ्याला मानसिक आजार जडला, संसार तिच्याच पगारावर चालला. तरी 1933 मध्ये ती अमेरिकेची कामगार मंत्री झाली. तिथल्या मंत्रिमंडळातली पहिली बाई! 1945 पर्यंत ती त्या खुर्चीवर होती. म्हातारपणाचं पेन्शन आणि किमान वेतन देणारे कायदे तिच्याच काळातले.

एक योगायोग आपल्याला माहीत हवा. तिच्याच कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये शिकायला गेले. 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा तिकडे तेच खातं फ्रान्सिसकडे होतं. स्वतंत्र भारताचा कारखाने कायदा आला 1948 मध्ये. आत माणूस असताना बाहेर जायचं दार कुलूपबंद नको, आगीचा इशारा सगळ्यांना ऐकू यायला हवा, हे त्याच्या 38 व्या कलमात लिहिलं गेलं.

लिहिलं गेलं, पण पाळलं गेलं का? आपल्या घोटावडे फाट्यापासून उरवडे काही लांब नाही. 7 जून 2021 ला तिथल्या केमिकल कंपनीला आग लागली आणि 17 कामगार गेले. त्यात बहुतेक बायकाच होत्या. ट्रँगलला 110 वर्षं होऊन गेली होती.

म्हणून आपल्या कॅम्पसचं बघा. 2006 च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते दिलंय का, हे ऑफिसात विचारायला काहीच हरकत नाही. हॉस्टेलच्या मागच्या जिन्याला कुलूप आहे का, तिथे मोडके बाक रचलेत का, हे तर येता-जाताही दिसतं. अलार्म वाजला की खरा का खोटा याची चर्चा खाली मैदानात जाऊन करावी. लिफ्ट नको, जिनाच. शेजारच्या वर्गाचं दार ठोठावून जावं, कारण नवव्या मजल्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि 101 ला फोन दुसऱ्या कुणीतरी केला असेल असं धरून चालू नये.

शेवटच्या वर्षांत फ्रान्सिस कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होती आणि ऐंशीच्या घरात असताना चक्क विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलमध्ये राहत होती. 14 मे 1965 ला ती गेली. ट्रँगलची ती इमारत आजही उभी आहे. तिथे आता न्यूयॉर्क विद्यापीठाचे वर्ग भरतात.