दोन इंचांचा समाजवाद

वसई रोडहून पनवेलमार्गे कोकणात जाणारी गाडी लागली की नालासोपारा-विरारमधील चाकरमान्यांची एकच झुंबड उडते. द्वितीय श्रेणीच्या शयनयानात जागा मिळालेला प्रवासी मऊ बाकावर आडवा होतो आणि सकाळी सावंतवाडीला उतरतो. तो बाक आणि ते रूळ, या दोहोंशी पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकाचे नाव निगडित आहे. ते नाव म्हणजे मधू दंडवते.

२१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरला जन्मलेले दंडवते मुंबईत डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात शिकवत. बेचाळीसच्या आंदोलनाने त्यांना राजकारणात ओढले. पुढे १९५५ च्या गोवा सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. नाथ पै यांच्या निधनानंतर १९७१ मध्ये राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत धाडले आणि पुढील चार निवडणुकांत हा विश्वास कायम ठेवला. आणीबाणी पुकारली गेली तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळूरला होते. तेथेच त्यांना अटक झाली. पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात होत्या. दीड वर्ष या दांपत्याचा संसार पत्रांतूनच चालला.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला आणि कालचा बंदी रेल्वेमंत्री झाला. पक्ष नावाला एक असला, तरी ते मंत्रिमंडळ खऱ्या अर्थाने आघाडीचेच होते. पंतप्रधान मोरारजी देसाई जुने काँग्रेसवाले, त्यांच्या शेजारी जनसंघाचे नेते, चरणसिंहांचे अनुयायी आणि मूठभर समाजवादी. अशा सरकारात समाजवादी मंत्र्याने करावे तरी काय, हा प्रश्न केवळ भारतापुरता नव्हता. महायुद्धोत्तर फ्रान्समध्ये समाजवादी पंतप्रधान पॉल रामादिए यांच्यापुढेही तो उभा राहिला होता. १९४७ च्या वसंतात रेनॉ मोटार कारखान्यातील कामगार संपावर गेले. वेतनवाढ रोखून धरण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध साम्यवादी मंत्र्यांनी मतदान केले, तेव्हा मे महिन्यात रामादिए यांनी त्यांना मंत्रिमंडळातून दूर केले. नोव्हेंबरमध्ये त्यांचे स्वतःचे पदही गेले. कामगारांच्या नावाने राजकारण करणाऱ्याला सत्तेत आल्यावर कामगारांनाच सामोरे जावे लागते, ही त्या प्रसंगातील खरी कोंडी होती.

दंडवतेंपुढेही संपच होता, पण आधीच मोडला गेलेला. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात सुमारे १७ लाख कर्मचारी उतरले होते. तो चिरडला गेला आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. नव्या रेल्वेमंत्र्यांनी या बडतर्फ कर्मचाऱ्यांना पुन्हा कामावर घेतले. त्यानंतर त्यांची नजर सामान्य प्रवाशाकडे वळली. तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदोपत्री गेला होता, पण लाकडी फळ्या तशाच होत्या. त्या फळ्यांवर दंडवतेंनी दोन इंच फोमची गादी बसवण्यास प्रारंभ केला. डिसेंबर १९७७ मध्ये हावडा-मुंबई गीतांजली एक्स्प्रेस धावली, तीही केवळ द्वितीय श्रेणीच्या डब्यांची, वर्गभेद नसलेली गाडी म्हणून.

सरकार मात्र टिकले नाही. जनसंघातून आलेल्यांच्या दुहेरी सदस्यत्वाचा वाद चिघळला आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजींना राजीनामा द्यावा लागला. समाजवाद्यांतही फूट पडली. जॉर्ज फर्नांडिस चरणसिंहांकडे गेले, तर दंडवते जनता पक्षातच राहिले. समाजवाद्यांच्या हाती आलेली संधी अडीच वर्षांच्या आत निसटली. हे अपयश त्यांच्याही पिढीच्या खात्यावर जमा आहे.

१९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या आघाडी सरकारात ते अर्थमंत्री आणि फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले. दंडवतेंनी १९९० च्या अर्थसंकल्पात सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जुलैत केंद्र आणि चार राज्यांच्या भागीदारीतून कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. हे सरकारही वर्षभरात कोसळले आणि १९९१ मध्ये राजापूरनेच दंडवतेंना पराभूत केले. ज्या रेल्वेसाठी त्यांनी वर्षानुवर्षे संसदेत पाठपुरावा केला, ती १९९८ मध्ये पूर्ण झाली तेव्हा ते खासदार नव्हते.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आघाडी सरकारे किती दिवस टिकली याचा हिशेब आपल्याकडे नेहमीच मांडला जातो. त्यांनी मागे काय ठेवले, याचाही हिशेब व्हायला हवा. दंडवते ज्या दोन मंत्रिमंडळांत होते, त्यांपैकी एकानेही मुदत पुरी केली नाही. कोकणातल्या गावी निघालेला वसई-विरारचा प्रवासी मात्र आजही त्याच रुळांवरून जातो आणि लाकडी फळीवर नव्हे, गादीवर झोपून जातो.