हेर्मान फ्योटिंगर : दात्यांविना गिअर घडविणारा अभियंता

वऱ्हाडातील मे महिना म्हणजे पाऱ्याने पंचेचाळीस अंशांशी झुंजण्याचे दिवस. या दिवसांत अमरावतीकरांची पावले चिखलदऱ्याकडे वळतात. संत गाडगेबाबांनी १९५६ साली जेथे देह ठेवला ते पेढीकाठचे वलगाव मागे पडते, परतवाडा येते आणि पुढे घाटाची चढण सुरू होते. क्लचचे पेडल नसलेल्या मोटारी आता या वाटेवर नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. त्यांतील अनेकींचा गिअर तेलाच्या प्रवाहावर चालतो आणि घाटात हे तेल विलक्षण तापते. या प्रवाही गिअरचे मूळ मात्र मोटारीत नाही, ते जहाजात आहे. त्याचा जनक होता जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर.

फ्योटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी न्यूरेंबर्ग येथे झाला. म्युनिकच्या तंत्रविद्यालयात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८९९ मध्ये ते श्टेटिन येथील व्हल्कान या जहाजबांधणी कारखान्यात रुजू झाले. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. जहाजाच्या पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याला किती पीळ पडतो, यावरून इंजिनाची शक्ती मोजण्याचे उपकरण तयार करून त्यांनी तेथे प्रथम नाव मिळविले.

त्या काळी जहाजबांधणीपुढे एक मोठा पेच उभा होता. वाफेचे टर्बाइन वेगाने फिरले तरच काटकसरीने चालते, तर पाण्यातील पंखा सावकाश फिरला तरच नीट काम देतो. एवढी शक्ती पेलणारी दातेरी चाके तेव्हा उपलब्ध नव्हती. फ्योटिंगर यांनी प्रथम विजेच्या मार्गाने विचार केला. नंतर त्यांना सुचले की, एका पंपाने पाणी फेकावे आणि त्या पाण्याने दुसरे चक्र फिरवावे. परंतु पंप आणि चक्र यांना जोडणाऱ्या नळ्यांतच बरीच शक्ती वाया जाते. त्यांनी नळ्याच काढून टाकल्या. पंप, चक्र आणि प्रवाहाला वळण देणारी स्थिर पाती एकाच कवचात समोरासमोर बसविली. ‘टॉर्क कन्व्हर्टर’ म्हणून आज ओळखली जाणारी रचना ती हीच. १९०५ साली त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला.

१९०९ मध्ये प्रायोगिक नौकेवर हे यंत्र यशस्वी ठरले. १९१३ मध्ये ‘क्योनिगिन लुईझे’ या प्रवासी जहाजावर ते बसविण्यात आले. नव्वद टक्क्यांच्या आसपास शक्ती पंख्यापर्यंत पोहोचत असे. उरलेल्या दहा टक्क्यांची उष्णता होई. जहाजावर ती फारशी जाचक नव्हती, कारण सभोवती समुद्र होता आणि तापलेले पाणी बॉयलरकडे वळविण्याचीही सोय होती. पण याच सुमारास इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी टर्बाइनला साजेशी दातेरी चाके सिद्ध केली. त्यांत शक्तीची गळती अगदीच थोडी होती. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्धाला तोंड फुटताच सुरुंग पेरण्यास निघालेले ‘क्योनिगिन लुईझे’ बुडविले गेले. जहाजांच्या जगातून फ्योटिंगर यांचा शोध हळूहळू मागे पडला.

फ्योटिंगर मात्र थांबले नाहीत. १९०९ पासून ते डान्झिग येथे प्राध्यापक होते. १९२४ मध्ये ते बर्लिनच्या तंत्रविद्यालयात गेले आणि द्रवांच्या प्रवाहाचे शास्त्र शिकवू लागले. दरम्यान त्यांच्या शोधाला जमिनीवर नवा आसरा मिळाला. १९३० च्या दशकात तो ब्रिटिश मोटारी व बस, तसेच युरोपातील डिझेल रेल्वेगाड्यांत शिरला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ मध्ये पूर्ण स्वयंचलित गिअर बाजारात आणला, त्यातही द्रवाची जोडणी होतीच. भारतात मनमोहन सुरी यांनी रेल्वे इंजिनांसाठी याच तत्त्वावर सुधारित रचना केली. त्यांना १९६२ चा भटनागर पुरस्कार लाभला.

मोटारीत पाण्याची जागा तेलाने घेतली आणि जहाजावर सुसह्य असलेली उष्णता येथे खरी शत्रू ठरली. चढणीवर संथ गतीने जाताना शंभरपैकी दहा अश्वशक्ती जरी तेलात जिरली, तरी ती सुमारे साडेसात किलोवॉट होते. घरातील तीन-चार गीझर एकाच वेळी सुरू ठेवण्याइतकी ही उष्णता. ती हवेत सोडण्याचे काम कूलर करतो. तेल ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल, तर दोहोंत ७० अंशांचा फरक असतो. वऱ्हाडी उन्हाळ्यात हवा ४५ अंशांवर गेली की तो ५० वर येतो. तोच कूलर मग जवळजवळ तीस टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो. तेलाचे तापमान साधारण ८० अंशांपलीकडे गेल्यावर दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. तेल काळवंडते, करपट वास येतो, रबरी सील कडक होतात आणि क्लचच्या चकत्या जळू लागतात.

म्हणूनच चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरने गाडी रोखून धरू नये, लांबच्या घाटात खालचा गिअर निवडावा आणि तेल वेळेवर बदलावे, असे सांगितले जाते. चाके आणि इंजिन थेट जोडणारा ‘लॉक-अप’ क्लच आधुनिक मोटारींत आला, तोही ही गळती रोखण्यासाठीच. क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक मोटारीत मात्र टॉर्क कन्व्हर्टर नसतो. स्वस्त गाड्यांतील ‘एएमटी’मध्ये साधा क्लचच यंत्राकरवी दाबला जातो.

आपला शोध मोटारींत घरोघर पोहोचलेला पाहणे फ्योटिंगर यांच्या नशिबी नव्हते. दुसरे महायुद्ध संपण्यास अवघे काही दिवस उरले असताना, २८ एप्रिल १९४५ रोजी, वेढ्यात सापडलेल्या बर्लिनमध्ये तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा मृत्यू झाला. ते ६८ वर्षांचे होते. तीनच वर्षांनी अमेरिकेत ब्यूक कंपनीची टॉर्क कन्व्हर्टर असलेली मोटार रस्त्यावर आली. जहाजाने नाकारलेल्या त्या यंत्राला मोटारीने कायमचे घर दिले. दहा टक्के उष्णतेचा प्रश्न मात्र फ्योटिंगर मागे ठेवून गेले, आणि प्रत्येक उन्हाळ्यात तो अभियंत्यांपुढे नव्याने उभा राहतो.